राहू द्यावे काय?

मास्तरांनी पाण्याचा ग्लास उजेडात धरून पाहिला आणि न पिताच खाली ठेवला. खुर्ची हलवून पाहिली. माइकवर टिचकी मारली, चालू होता. तरीही यात काहीतरी काळंबेरं आहे, असं त्यांना वाटत राहिलं.

समोरचा पुढारी फारच गोड वागत होता. एरवी चौकात घसा फाडून "हाकला त्यांना" म्हणणारा माणूस. आज त्याने स्वतः उठून मास्तरांची खुर्ची ओढून दिली.

"तुम्ही आलात, सर, हेच खूप झालं," तो म्हणाला.

मागच्या फळ्यावर विषय लिहिला होता : 'नदीपलीकडून आलेल्यांना या शहरात राहू द्यावे काय?' चर्चा मंडळाचा नियम जुना. दोन्ही बाजू ऐकायच्या, मग सभागृहाने हात वर करून निकाल द्यायचा.

मास्तरांची सून पलीकडचीच. तिच्यासाठीच ते आले होते. तिने मात्र सकाळी अडवलं होतं.

"बाबा, नका जाऊ."

"मी हरेन असं वाटतं तुला?"

दुपारी ती माळ्यावरून बॅग काढताना दिसली. मास्तरांच्या मनात पाल चुकचुकली. सासू गेल्यापासून ती गप्प गप्पच असते. या घरात तिचा जीव रमेनासा झाला का? नवऱ्याशी बिनसलंय का? असल्या गोष्टी बायको एका नजरेत ओळखायची. मास्तरांना साधं विचारणंही जमलं नाही.

पुढारी बोलला, आवाज न चढवता. मास्तरांनी त्याचा एकेक मुद्दा खोडून काढला. लोक हसले, टाळ्या पडल्या. मास्तर सापळ्याची वाट पाहत होते. सापळा काही आला नाही. शेवटी हात वर झाले. मास्तरांच्या बाजूने कितीतरी जास्त.

हरलेला पुढारी हसतच पुढे आला. "अभिनंदन, सर. पुन्हा बसू एकदा. लोकांना आवडलं."

याला हरल्याचं काहीच कसं वाटत नाही? मास्तर वाटभर तेच घोळवत राहिले.

सुनेने दार उघडलं. चपलांच्या कपाटाशी बॅग उभी होती, गच्च भरलेली.

"जिंकलो गं," मास्तर म्हणाले. "चांगल्या बहुमताने."

"हो, शेजारच्या काकू सांगून गेल्या."

तिने बॅग आडवी केली, चेन उघडली आणि एकेक वस्तू बाहेर काढू लागली. नातीचे कपडे. नातीचे शाळेचे बूट. सगळ्यात खाली, नीट घडी घातलेली, सासूने विणलेली शाल.

मान वर न करताच तिने विचारलं, "पुढची चर्चा कधी आहे, बाबा? तोवर हे परत कपाटात ठेवू ना?"