सातव्या वळणाचा साक्षीदार

हंगामाची शेवटची रेस संपली आणि कोल्हापुरात मिसळीच्या टेबलावर वाद रंगला. रेसिंग ड्रायव्हर रणधीर घाटगे टीम बदलत होता.

"चांगली गाडी मिळत असंल," दिनकर म्हणाला.

"चौकशीच्या तोंडावरच?" हेमलतानं विचारलं.

याच हंगामातल्या एका रेसमध्ये सातव्या वळणावर ट्रॅक खचला आणि गाडी चालवणारा तिचा भाऊ यशोधन गेला. आयोजक मात्र चूक यशोधनचीच म्हणत होते. ट्रॅक खचताना पाहिला होता तो फक्त मागून येणाऱ्या रणधीरनं. आणि टीम बदलणाऱ्या ड्रायव्हरच्या डोक्यातून जुन्या टीममधली सगळी वर्षं पुसली जात, गुपितं फुटू नयेत म्हणून.

हेमलता तशीच उठली आणि जिथं आठवणी पुसत त्या दवाखान्यात रिक्षानं पोचली. रणधीर पायऱ्या उतरत होता. शाळेपासूनचा यशोधनचा मित्र. तिला पाहून त्याचा चेहरा फुलला.

"हेमाताई! तू इथं?"

उशीर झाला होता का, ते तिला कळेना. "रणधीर, टीम का सोडलीस रे?"

"टीम बदलायची म्हणून मीच मागं लागलो होतो म्हणतात. मला काय आठवणार आता?" तो हसला आणि तिच्या मागं बघू लागला. "यशोधन कुठाय? गाडी लावतोय का?"