लाकडातली कुरकुर

सुनेत्राने हात वर केला आणि अख्खी जेटी चिडीचूप झाली. परदेशी लाकूड उतरताना हे असंच चाले. ओंडक्याच्या पोटात एखादी अळी जरी कुरतडत असली, तरी सुनेत्राच्या कानातल्या यंत्राला ती ऐकू येई. मग सगळा माल थेट भट्टीत. शेजारच्या बंदरात अशा अळीचा एकच भुंगा निसटला होता. तिथे आता फणसाचं झाड औषधालाही उरलं नव्हतं.

स्वतःच्या होडीसाठी मागवलेल्या ओंडक्यावर याकूबचाचा जीव मुठीत धरून बसले होते.

कुर्र... कुर्र...

"चाचा, आत काहीतरी आहे हो," सुनेत्रा कळवळून म्हणाली.

चाचांचा चेहरा पडला. आवाजही थांबला. ती पाठमोरी झाली, तर पुन्हा कुर्र! तिने गर्रकन वळून पाहिलं. चाचांचा गाल हलत होता.

"तोंडात काय आहे?"

"चणे," चाचा ओशाळले. "घाबरलो की लागतात गं मला."

जेटीवर हशा उसळला. चाचांनी घास गिळल्यावर सुनेत्राने एकेक ओंडका पुन्हा ऐकला. एकही कुरकुरला नाही.

"माल स्वच्छ आहे!" ती ओरडली आणि तिने हात पुढे केला. "आणा आता ते चणे इकडे. मी काय कमी घाबरले होते?"