अर्ध्या मिनिटाचा दम

"काका, हा बंदच आहे की हो!" तिसरा पोरगाही बटण दाबून, गिटारची तार छेडून निघून गेला.

जुन्या रेडिओतल्या काचेच्या व्हॉल्व्हवर तो गिटारचा अँप्लिफायर मी स्वतः बांधलेला. दुकानात स्वस्तात विकायला ठेवला होता. व्हॉल्व्ह तापायला अर्धं मिनिट लागतं, हे मी मुद्दाम सांगत नव्हतो. ज्याला तेवढा दम नाही, त्याला कशाला द्यायचा?

मग रिबेका आली. रविवारी चर्चमध्ये वाजवायचं होतं अन् नवा परवडत नव्हता. तिनंही बटण दाबलं. आवाज नाही. पण पोरगी वाकून मागच्या जाळीतून बघायला लागली.

"काका, काचेत काहीतरी लाल होतंय!"

"वाजव आता."

टेबलावरचा चहाचा कप थरथरला. ती हसली अन् तिनं लगेच बटण बंद केलं.

"का गं?"

"परत लाल होताना बघायचंय."

"मग घरी नेऊन बघ की."