मानाचं पहिलं अंगण

वेदिकाने रितेशच्या पाठीवरच्या नाड्या तिसऱ्यांदा आवळल्या. काळा झगा, उंच निमुळती टोपी, पांढरी दाढी, मुखवटा. आत कोण आहे ते त्याच्या आईलाही ओळखता आलं नसतं.

"श्वास घेता येतोय ना?"

"पुरेसा येतोय," आतून आवाज आला.

"आता गप्प. संकासूर मुका असतो."

झग्याला खिसा नव्हता, म्हणून रितेशची गोळ्यांची डबी तिने आपल्या पर्समध्ये टाकली. पांढरी डबी, निळं झाकण. रोज रात्री आठची गोळी, शिमगा असो की दिवाळी.

सहा वर्षं शिमग्यात दारोदार नाचणारा वाडीचा संकासूर रितेशच होता. गेल्या वर्षी आपल्याला एचआयव्ही असल्याचं त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं आणि वाडीने झगा दीपेशच्या हवाली केला. दीपेश बरा नाचायचा. म्हणजे पडायचा नाही, एवढंच.

यंदा वेदिका, दीपेश आणि कॉलेजातली आठदहा पोरं शिमग्यात झोळी फिरवणार होती. आसपासच्या वाड्यांतल्या एचआयव्हीच्या रुग्णांना दर महिन्याला औषधं आणायला रत्नागिरीला जावं लागे. एसटीत दिवस मोडायचा, मजुरी बुडायची, ओळखीचं कुणी दिसलं की तोंड लपवायचं. काहींनी जाणंच सोडलं होतं. त्यांच्यासाठी गाडी लावायची होती.

वेदिकाचा बेत मात्र त्याच्याही पुढचा होता. घरोघरी लोक संकासुराच्या कुशीत लेकरं देत; शेवटच्या घरी रितेशने मुखवटा काढायचा. आणि सांगायचं, ज्याच्या हातात तुम्ही पोरं दिलीत तो हा, बघा, कुणाला काय झालं? तोवर झग्यात दीपेशच आहे असं वाडीला वाटावं म्हणून त्याने मावशीकडे दडून बसायचं.

अडचण पहिल्याच घराची होती. मान दमयंतीकाकूंचा. त्यांच्या अंगणात झोळीत नारळ पडला तरच वाडी हात सैल सोडते. आणि गेल्या वर्षी रितेश ज्या पेल्यातून पाणी प्यायला, तो पेला काकूंनी सगळ्यांदेखत उकिरड्यावर भिरकावला होता. वेदिकाला तो आवाज अजून आठवायचा.

काकू पायरीवरच उभ्या होत्या. नवरा मुंबईला गोदीत होता, बारा वर्षांपूर्वी कावीळ होऊन गेला. तेव्हापासून घर, कलमं आणि वाडी त्यांनी एका आवाजावर चालवली होती. दीर आप्पा वाडीचे गावकर, पण नावापुरते; निर्णय काकूंचा.

"झोळी कशापायी?" त्यांनी विचारलं.

वेदिकाने एका दमात सांगून टाकलं. आप्पांनी तोंड वाकडं केलं.

"गाडी हितनं किती वाजता सुटल?" काकूंनी विचारलं.

"सकाळी सहाला."

"म्हंजे मानूस दुपारपावत घरी. बरं. आता वाजले किती?"

"साडेसात."

"मंग आवरा. आठाला माजा जप असतो."

ते वाडीला पाठ होतं. आठ वाजले की काकू देवघराचं दार लावून घेत. त्या वेळी हाक मारलेली त्यांना खपत नसे.

ढोल सुरू झाला आणि संकासूर नाचला. वर्षभर कोंडलेलं सगळं त्याच्या पायांत उतरलं होतं. म्हातारीकोतारी पुढे सरकली. "दीपेश यंदा सुदारला," कुणीतरी म्हणालं. वेदिकाने हसू गिळलं आणि तिचे डोळे भरून आले.

मग काकूंची सून शमिका बाळाला घेऊन आली. नऊ वर्षांनी, नवसाने झालेलं पोर. काकूंनी ते स्वतःच्या हाताने संकासुराच्या कुशीत दिलं, दाढी उचलून त्याला पुरणपोळीचा घास भरवला आणि उरलेला उष्टा तुकडा प्रसाद म्हणून आपण खाल्ला. झोळीत नारळ पडला. त्यामागून नोटा पडू लागल्या.

जिंकलो, वेदिकाला वाटलं.

तेवढ्यात अंगणाच्या बेड्यातून, फाटक ढकलून, दीपेश आत आला. मावशीकडे बसल्या बसल्या त्याने ढोल ऐकला होता, आणि शिमग्याचा ढोल ऐकून या वाडीतला पोरगा घरात बसल्याचं आजवर घडलेलं नाही. अंगणाच्या मध्यावर आल्यावर त्याला आपण काय केलं ते कळलं.

ढोल थांबला.

"दीपेश ह्यो," आप्पा म्हणाले. "मग त्यो कोन?"

उत्तर सगळ्यांनाच सुचलं. रितेशने एका हाताने मुखवटा वर केला. दुसऱ्या हातावर बाळ झोपलं होतं.

"वयनी, पोर घे आदी," आप्पा ओरडले.

काकू हलल्या नाहीत. इतक्यात वेदिकाच्या पर्समध्ये मोबाईलवर रितेशच्या गोळीचा गजर वाजू लागला. आठ. ती घाईघाईने बंद करायला गेली.

"ऱ्हाऊ दे," काकू म्हणाल्या. "आदी त्याची डबी दे त्याला."

डबीबद्दल वेदिकाने कुणाला काहीच सांगितलं नव्हतं.

"शमिका, पानी आन. पेला येकच आन. नि माजी जपाची पिशवी."

शमिकाने दोन्ही आणलं. काकूंनी पेला रितेशला दिला. त्याने सवयीने तो वरून ओतायला उचलला.

"तोंड लावून पी," काकू म्हणाल्या. "आनि ढोल का थांबला रे? वाजवा."

ढोल वाजू लागला. वेदिकाने डबीतली गोळी रितेशच्या तोंडात घातली; त्याने अर्धा पेला पाणी प्यायलं आणि पेला काकूंना परत दिला.

काकूंनी जपाच्या पिशवीत हात घालून निळ्या झाकणाची पांढरी डबी काढली आणि भरल्या अंगणात, आप्पांच्या डोळ्यांदेखत, त्याच पेल्यातल्या उरलेल्या पाण्याबरोबर आपली गोळी घेतली.