पिकअपच्या पोटातला आकडा

गॅरेजच्या रॅम्पवर पिकअप चढली आणि खालून गंजाची खपली सुटून मासळीवाल्याच्या बुटावर पडली. चांगली तळहाताएवढी.

गाडी नवी होती. सीटवरचं प्लास्टिकसुद्धा अजून निघालं नव्हतं. बायकोने काढू दिलं नव्हतं. ती गेली, प्लास्टिक राहिलं.

“नवी ना रे ही?” खपली उचलून त्याने मिस्त्रीलाच विचारलं.

“वरून नवरी आहे, दादा. खालून आजी झालीय.” मिस्त्रीने बॅटरी मारली. “मासळीचा बर्फ वितळतो, ते खारं पाणी रोज खाली झिरपतं. मीठ लोखंडाला सोडतंय होय!”

“म्हणून तर खालून काळा रबरी थर मारून घेतला.”

“मारायच्या आधी धुतली होती?”

सोबत आलेली लेकच म्हणाली, “नाही. आई गेल्यापासून खालून धुतलीच नाही.”

आधी रोज धुतली जायची. गाडी बंदरावरून घरी आली की बायको चटई टाकून तिच्याखाली उताणी पडायची आणि गोड्या पाण्याचा पाइप मारायची. तो म्हणायचा, “एवढे लाड माझ्या पोटाचे केले असतेस तर!” खालून उत्तर यायचं, “अहो थांबा, डावी बाजू राहिलीय.” ती गेल्यावर तो पाइप त्याच्याने हातात धरवेना. कोणीतरी थर मारायला सांगितलं. त्याला बरं वाटलं. एकदा थर बसला की धुण्याची कटकट मिटली.

“मीठ आत ठेवलंत आणि वरून रजई घातलीत,” मिस्त्री म्हणाला. मग त्याने बोटाने थर चाचपला. “आणि ही भोकं कुणी बुजवली?”

“मीच सांगितलं बुजवायला. तळाला भोक म्हणजे पाणी आत येणार.”

“आत नाही, बाहेर! चासी पोकळ असते. आत गेलेलं पाणी इथून खाली पडतं. कंपनी काय हौसेने भोकं पाडते? दादा, तुम्ही बोटीचा हिशेब गाडीला लावलात.”

खरं होतं. आयुष्य बोटीवर गेलं होतं त्याचं. तळाला भोक दिसलं की आधी बुजवायचं, मग बाकीचं बोलायचं, हेच त्याला ठाऊक.

“आतून गंजून गेली असेल तर?” त्याने विचारलं.

“चासीला ठिगळ लावून मी गाडी रस्त्यावर सोडणार नाही. भंगार.”

गाडीचा निळा रंग बायकोने निवडला होता. शोरूममध्ये दोनदा मत बदलून. भंगाराच्या ढिगात तो निळा कसा दिसेल हे त्याला उगाचच दिसून गेलं. त्याने मागच्या फाळक्यावर हात टेकला.

मिस्त्रीने हातोडी घेतली. “ऐका. खण् वाजलं तर जिवंत. बद्द वाजलं तर मला काही विचारू नका.”

पुढे ठोकलं. खण्. मधे ठोकलं. खण्. लेकीने बापाचा दंड धरला. खरी भीती मागची होती. घरच्या अंगणाला उतार, गाडी तोंड वर करून उभी राहायची. आतलं सगळं पाणी मागे साचणार.

मागे ठोकलं. खण्.

मिस्त्रीचाच विश्वास बसेना. त्याने पुन्हा ठोकलं. खण्. मग तो बॅटरी घेऊन वाकला. “हे काय आता?”

शेवटच्या भोकात, काळ्या थरातून, वाकलेली तार बाहेर आली होती. त्याने ती हलवली. तारेवरून तांबूस पाण्याचा थेंब ओघळला, त्याच्यामागे दुसरा.

लेक खाली वाकली. “आईचा आकडा आहे! केसातला. भोकांतला गाळ ती आकड्याने काढायची.”

“आणि घरात एक आकडा जागेवर राहत नाही म्हणून मला बोल लावायची,” मासळीवाला म्हणाला.

शेवटच्या दिवशी आकडा तसाच भोकात राहिला असणार. नंतर थर बसला, बाकीची भोकं बुजली. पण गाडी रस्त्यावर हादरायची, आकडा हलायचा, त्याच्याभोवती थर काही चिकटला नाही. सगळं पाणी इतके महिने तिथून गळत राहिलं होतं.

मिस्त्रीने हातोडी खाली ठेवली. “दादा, जन्मात कधी मटक्याचा आकडा लावलाय?”

“छे.”

“मग वहिनींनी लावला. आणि लागला बघा!”

मासळीवाला आधी नुसता तोंडाने हसला. मग पोटातून हसू आलं, ते आवरेना. भिंत धरावी लागली. लेक तोंड फिरवून डोळे पुसत होती, पण हसत तीही होती.

मिस्त्रीने थर खरवडला, गंज तारेच्या ब्रशने घासला, सगळं गोड्या पाण्याने धुऊन नीट वाळू दिलं. मग प्रायमर, मग नवा पातळ थर, पोकळीत मेण. भोकं उघडी ठेवली. गाडी देताना बजावलं, “थर म्हणजे रेनकोट, दादा. आंघोळ नव्हे. रोज पाणी मारायचं.” आणि आकडा त्याच्या हातावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी बंदरावरून आल्यावर मासळीवाल्याने नळाला पाइप जोडला. कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेली चटई उलगडली आणि तो गाडीखाली सरकला.

“बाबा, चहा निवतोय!” लेकीने दारातून हाक मारली.

उजवीकडची भोकं झाली होती. आकड्याला लागलेला गाळ त्याने सदऱ्याला पुसला.

डावी बाजू अजून राहिली होती.