पंप बघून येतो

"पंप बघून येतो," असं म्हणत काशीराम पवारांनी मोबाइल लेंग्याच्या खिशात घातला.

"आत्ताच तर बघून आलात," त्यांच्या पत्नी प्रेमला म्हणाल्या.

"तेव्हा चालू आहे का ते बघितलं. आता बंद आहे का ते बघतो."

मागीलदारी विहिरीच्या कट्ट्यावर बसून त्यांनी मोबाइल काढला, आवाज पूर्ण बंद केला आणि प्रोग्रामिंग शिकायला सुरुवात केली.

त्यांची मुलगी आम्रपाली हिला बघायला रविवारी महेंद्र नावाचा मुलगा येणार होता. पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. हल्ली येणारं प्रत्येक स्थळ पुण्यात सॉफ्टवेअरमध्येच असतं, याचाच काशीरामांना संशय होता. एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून त्यांचा जन्म गेलेला. चालक म्हणून आलेल्या माणसाला आधी गाडी चालवून दाखवावी लागते; मग जावयाने काय घोडं मारलंय? परीक्षा घ्यायची असं त्यांनी मनाशी ठरवलं. अडचण एवढीच, की परीक्षकाला विषय येत नव्हता.

आम्रपाली स्वतः कॉम्प्युटरवालीच. मुंबईच्या कंपनीचं काम घरूनच करायची. पण लग्न ठरवताना मुलीचं मत विचारणं एक वेळ जमतं, मुलीकडून शिकणं बापाला जमत नाही. शिवाय तिला सुगावा लागला असता तर तिने परीक्षाच उधळली असती. म्हणून विहीर, आणि म्हणून आवाज बंद.

इंटरनेटवर फुकट शिकवणाऱ्यांची गर्दी एवढी, की गणपतीत रत्नागिरी स्टँडवर नसेल. एक म्हणे पायथन शिका. दुसरा म्हणे पायथन शिकलात तर आयुष्य वाया. तिसरा नुसताच हसून घंटा दाबायला सांगे. फुकट देतोय म्हणजे काहीतरी खोट असणार, असं बजावत काशीराम सगळ्यांकडे थोडं थोडं शिकले आणि त्यांना कळत होतं तेही कळेनासं झालं.

शेवटी 'सोप्पा कोड' नावाचं मराठी चॅनल सापडलं. यात मास्तर दिसतच नसे. काळा पडदा, त्यावर उमटणारा कोड आणि खाली मराठीत ओळी. मास्तरचं सगळं 'आपण'. आपण आता डबा उघडूया. डब्यात आपण संख्या ठेवूया. आपण म्हणजे कोण आणि डबा कुठाय, या घोळात काशीरामांचे दोन दिवस गेले.

लूप मात्र चटकन कळला. मास्तरने बापाचंच उदाहरण दिलं होतं. समजा, आमचे बाबा घराला कुलूप लावतात. ओढून बघतात. वळणापर्यंत जातात, परत येतात, पुन्हा ओढून बघतात. खात्री होईपर्यंत हे चालू. आणि खात्री कधीच होत नाही.

"बिचारा मास्तर," काशीराम विहिरीला म्हणाले. "काय बाप मिळालाय!"

"बाबा, पंप लावू नका हां!" आतून आम्रपाली ओरडली. "माझी मीटिंग आहे. आई, मिक्सर पण नको गो!"

तिची मीटिंग रोज दुपारी असे, दार लावून.

रविवारी महेंद्र आईला घेऊन आला. जय भीम झालं, पाणी झालं. पोह्यांची बशी त्याच्या हातात पडते न पडते तोच काशीरामांनी विचारलं, "लूप म्हणजे काय?"

महेंद्रने पोह्यांकडे पाहिलं, मग काशीरामांकडे. "समजा काका, एक गृहस्थ घराला कुलूप लावतात. ओढून बघतात. वळणापर्यंत जातात..."

काशीरामांचा चमचा हवेतच राहिला. "आणि व्हेरिएबल?"

"डबा समजा. त्यात आपण संख्या ठेवूया."

"हे कुठल्या कॉलेजात शिकवतात?"

"कॉलेजात नाही, काका. मी आधी लोट्याला केमिकल कंपनीत शिफ्ट करायचो. येता-जाता कंपनीच्या बसमध्ये कानात इअरफोन घालून शिकलो. एक मराठी चॅनल आहे. फुकट. त्याच्यावरच नोकरी लागली."

"बसमध्ये?"

"खिडकीची जागा मिळाली तर."

एवढ्यात आम्रपाली चहा घेऊन आली. "साखर चालेल ना?" तिने विचारलं.

महेंद्र ताडकन उभा राहिला. चहा पोह्यांत सांडला.

"पुन्हा बोला," तो म्हणाला.

"साखर," आम्रपाली गोंधळून म्हणाली.

त्यानंतर तो तोंड उघडं ठेवून नुसता तिच्याकडे बघत राहिला. काशीरामांना सगळा उलगडा झाला. तपासनीस दिसला की विनातिकीट प्रवासी अगदी असाच उभा राहतो.

निघताना महेंद्र फाटकापाशी घुटमळला. "काका, एक विचारू?"

"प्रश्न मी विचारतो," काशीराम म्हणाले. त्यांनी फाटकाची कडी लावली, ओढून पाहिली, पायरीपर्यंत आले आणि परत जाऊन पुन्हा ओढून पाहिली.

"आत्ताच फोन करून नाही म्हणून कळवतो," त्यांनी प्रेमलांना सांगितलं. "पोपट आहे तो. मास्तरचं वाक्यन् वाक्य चोरलंन."

"आम्रूला आवडलेला दिसतोय हो. चहात वेलची घातलीन आज. आणि मास्तर कोण तुमचा?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. काशीरामांनी मोबाइल पुढे केला. "हा बघ. आजच नवा धडा आलाय. वाच, म्हणजे चोरी कळेल."

"एवढी बारीक अक्षरं मला दिसतात होय?" प्रेमला गंभीरपणे म्हणाल्या. चष्मा कपाळावर होता. "आवाज लावा की."

आजवर आवाज फक्त बंदच केलेला; वाढवायचं बटण कुठे असतं ते काशीरामांना शोधावं लागलं.

"हं, तर मंडळी," मोबाइलमधून आम्रपाली म्हणाली, "आज लूपचं नवीन उदाहरण घेऊया. समजा, आमचे बाबा सारखे पंप बघायला जातात. का जातात, ते आमच्या घरात अजून कुणालाच कळलेलं नाही."