फुलायची घाई

डोंबिवलीतल्या गॅलरीत तानाजीरावांनी ब्रोमेलियाड नावाचं अननसाच्या कुळातलं शोभेचं झाड तीन वर्षं जपलं, पण फूल काही येईना. पानांच्या पेल्यात ते रोज चमच्याने पाणी घालत आणि शेजारचे सुदेशराव विचारत, “कोबी कधी चिरायचा, तान्या?” सोसायटीच्या पुष्पप्रदर्शनाला तीन महिने उरले, तेव्हा वनस्पतिशास्त्र शिकलेली सून पिकलेलं सफरचंद आणि मोठी पिशवी घेऊन आली. “बाबा, हे झाडासोबत दहा दिवस पिशवीत बांधून ठेवायचं. फळातून निघणाऱ्या वायूने झाड फुलतं.” तानाजीराव हरखले. “आता सुदेशला दाखवतोच!” गाठ मारताना त्यांनी विचारलं, “मग दरवर्षी फुलेल ना गं?” “एकदाच फुलतं. मग बुंध्याशी पिल्लं येतात आणि आई हळूहळू वाळते.” त्यांनी गाठ सोडली. “बाबा, प्रदर्शन?” “जाऊ की. लोकांची फुलं बघू, कौतुक करू. आपली अजून लहान आहे.”